घारापुरी, गुरुवारी

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या नियोजनातून पडलेली ही पद्धत आता इथल्या अंगवळणी पडली आहे, तरी तिच्याबद्दल कुरकुर असतेच. गुरुवारी मुलांची शाळा असते, पाहुण्यांचं ऑफिस असतं, लग्नाची बोलणी रविवारी होतात. त्यामुळे कुठे लांब जायचं तर रजा टाकून रविवार गाठायचा, असा रिवाज पडला आहे. घारापुरीच्या बाबतीत हा रिवाज मोडावा, असं माझं ठाम मत आहे. ज्या बेटावर शनिवार-रविवारी जेट्टीपासून लेण्यापर्यंत माणसांची रीघ असते, ते बेट मधल्या वारी पाहण्याची सोय या पट्ट्यातल्या कामगाराला आयतीच मिळालेली आहे. ती वापरायची असेल, तर बेटाला अख्खा दिवस द्यायला हवा. घाई केली की तिथे नेमकं काय हुकतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

गेटवेहून लाँचने तासाभरात घारापुरी येते. मग धक्क्यावरची चाल किंवा छोटी रेल्वे, दुतर्फा दुकानं असलेल्या शंभरावर पायऱ्या, पहिलं लेणं, त्रिमूर्तीपुढे फोटो, खाणं आणि परत. बहुतेकांची घारापुरी एवढीच. ज्या लेण्यासाठी हा प्रवास केला, त्याच्या वाट्याला अर्धा तास येतो, आणि हे लेणं अर्ध्या तासात कळण्यासारखं नाही. त्याला दोन अक्ष आहेत. उत्तरेच्या दारातून आत गेलं की समोर दक्षिणेच्या भिंतीत सुमारे 20 फूट उंचीचा सदाशिव दिसतो. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणतात, पण ती मुखं ब्रह्मा, विष्णू, महेशाची नव्हेत, तिन्ही शिवाचीच आहेत. डावीकडचं उग्र, उजवीकडचं स्त्रीसारखं कोमल आणि मधलं शांत. दुसरा अक्ष पूर्व-पश्चिम आहे, आणि त्यावर चार दारांचा गाभारा आहे, द्वारपालांनी राखलेला. उत्तरेकडून येणाऱ्याच्या तो सहसा ध्यानातच येत नाही. सदाशिवाच्या एका बाजूला अर्धनारीनटेश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. पूर्वेला कैलास हलवणारा रावण, पश्चिमेकडे शिव-पार्वतीचा विवाह आणि अंधकासुराचा वध. या पटांतून एक सबंध विचार मांडलेला आहे. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना आतला उजेड जुळायलाच काही मिनिटं जातात. म्हणून आधी एका खांबाशी टेकून बसावं, फोन खिशात ठेवावा आणि मग फिरावं.

यावर कोणी म्हणेल, लेणीच पाहायची तर कार्ले-भाजे जवळ आहेत, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? शिवाय घारापुरीच्या कितीतरी मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे, इतका की घारापुरीच्या आधी घोरावडेश्वर पाहावा, असंच मी सांगेन. देहूरोडच्या पुढे जुन्या मुंबई हायवेलगतचा हा डोंगर आपण महाशिवरात्रीला चढतो आणि उरलेलं वर्षभर बसच्या खिडकीतून पाहतो. मूळची बौद्ध लेणी, पुढे त्यांत आलेलं शिवस्थान आणि सगळ्याला आधार सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. घारापुरीचा दगडही हाच. साधारणपणे सहाव्या शतकाच्या मध्यातलं ते काम जाणकार कलचुरी राजवटीशी जोडतात. पोर्तुगीजांनी तिथला कोरीव लेख काढून नेला, तो पुढे हरवला, आणि त्यामुळे लेणं कोणी कोरवलं यावर आजही वाद आहे. तुटलेल्या मूर्तींचं म्हणाल, तर मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्याला त्यांच्यातली कारागिरी इतरांपेक्षा लवकर दिसावी. हे सगळं काम वजा करत जाण्याचं आहे. जादा दगड निघाला तर तो परत लावता येत नाही, इथे रिवर्क नाही. छत आधी आणि जमीन शेवटी, या क्रमाने डोंगर पोखरत जायचं आणि तरी खांब ओळीत राहायचे. ज्याने आयुष्यभर मिलिमीटरच्या भागांत मोजमाप केलं, त्याने त्या खांबांवरून हात न फिरवता नुसती नजर फिरवली तरी त्याला पुरेसं कळेल.

बेट पहिल्या लेण्याशी संपत नाही. पश्चिमेच्या टेकडीत पाच लेणी आहेत, पूर्वेच्या टेकडीत दोन, आणि तिथेच विटांचा जुना स्तूपही. पश्चिमेच्या माथ्यावर तोफा आहेत. तिथवर चढलं की मुंबई बंदर आणि समोरचं न्हावा-शेवा एका नजरेत येतं. 1989 साली सुरू झालेल्या या बंदरातून चाकणमध्ये भरलेले कंटेनर परदेशी जातात. आपला माल या बेटाला रोज वळसा घालतो, आपण मात्र तिथे जात नाही. किनाऱ्याला चिखल आणि तिवरं आहेत. जेट्टी एवढी लांब समुद्रात का नेली, हे ओहोटीच्या वेळी पाणी मागे हटून चिखल उघडा पडला की आपोआप समजतं. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं. शिफ्टच्या भोंग्यावर चालणाऱ्या माणसाला हे दुसरं घड्याळ समजून घेण्यासारखं आहे. माकडांना मात्र काही देऊ नये आणि खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये. माणसाच्या हातातलं खाणं ओढायची सवय त्यांना पर्यटकांनीच लावली.

राहता राहिला पोटापाण्याचा प्रश्न. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांतले लोक पर्यटकांवर जगतात, मग गर्दी कमी व्हावी असं म्हणणं त्यांच्या मुळावर येणारं नाही का? गर्दी कमी व्हावी असं मी म्हणत नाही, ती आठवड्यात विभागली जावी एवढंच म्हणतो. अर्ध्या तासात परतणारा माणूस पाण्याची बाटली विकत घेतो. दिवसभर थांबणारा जेवतो, कैरी-काकडी घेतो, गावात चौकशी करतो. मुंबई डोळ्यांसमोर झगमगत असताना या गावांत समुद्राखालच्या केबलने कायमची वीज 2018 साली पोचली. पर्यटकाला बेटावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी निघावंच लागतं, त्यामुळे त्याला ही गावं दिसतात ती दिवसाच. गावात शिरताना ते कोणाचं तरी अंगण आहे हे लक्षात ठेवावं, विचारल्याशिवाय बायका-मुलांचे फोटो काढू नयेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. ही वेळ प्रवाशांच्या चुकीने आली नव्हती. पण पाण्यात पडल्यावर अंगात लाइफ जॅकेट आहे की नाही, यावर किती अवलंबून असतं हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. हेल्मेट आणि सेफ्टी शूजशिवाय आपण शॉप फ्लोअरवर पाऊल टाकत नाही. मग लाँचमध्ये जॅकेट उशाला का घ्यायचं? ते घालावं, बंद लावावेत, मुलांना त्यांच्या मापाचं मागावं. बोट भरलेली वाटली तर पुढच्या बोटीने जावं. पावसाळ्यात हा बेत आखूच नये, कारण समुद्र खवळला की बोटी बंद होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पहाटेच घर सोडावं, उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्यावी. परतताना कधी भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात जाणं झालं, तर तिथला दगडी हत्ती जरूर पाहावा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हाच. लेणी सोमवारी बंद असतात, गुरुवारी उघडी.