रडवणारे चित्रपट आणि आपले अश्रू

शास्त्रपाठ : २ शमुवेल १२:१-७, योहान ११:२८-३७

माणूस पदरचे पैसे मोडून रडायला जातो, ही गोष्ट विचार केला तर मोठी विलक्षण आहे. घरावर दुःख येऊ नये म्हणून आपण रोज प्रार्थना करतो; आणि तिकीट काढून मात्र अंधारात बसून परक्या माणसाच्या दुःखाने रुमाल भिजवतो, व बाहेर पडताना म्हणतो, "काय सुंदर चित्रपट होता!"

हा प्रश्न संत ऑगस्टीनला चौथ्या शतकातच पडला होता. कार्थेज येथे विद्यार्थी असताना त्याला नाटकांचे वेड होते. पुढे आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनात, तिसऱ्या भागात, त्याने या वेडाची चांगली झडती घेतली आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : रंगभूमीवरचे दुःख पाहून कोणी मदतीला धावत नाही, फक्त हळहळायचे असते, आणि त्या हळहळण्याचीच गोडी लागते. मग ही दया कसली? पहिल्या भागात तर तो सांगतो की, काव्यातल्या डिडो राणीसाठी आपण रडलो, पण देवापासून दूर जाऊन आपलाच आत्मा मरत होता त्याचे आपल्याला काही वाटले नाही. आपल्यापैकी जे वडीलधारे चित्रपटांना सरसकट नाक मुरडतात त्यांना ऑगस्टीन जवळचा वाटेल. मला त्याचे म्हणणे अर्धे पटते.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी आमच्या ग्वाल्हेरकडे वळतो. या जिल्ह्यात डबऱ्याच्या बाजूला सिंध व पार्वती नद्यांच्या संगमाजवळ पवाया नावाचे खेडे आहे. हेच प्राचीन पद्मावती नगर असे संशोधक मानतात. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकाची कथा याच नगरात घडते. भवभूती मूळचा विदर्भातला, म्हणजे एका अर्थी आम्हां ग्वाल्हेरच्या मराठी लोकांसारखाच दक्षिणेकडून आलेला. त्याने 'उत्तररामचरिता'त असे मत मांडले की, रस खरा एकच, तो करुण. बाकीचे सारे त्याचेच निरनिराळे आकार. पंडितांनी यावर पुष्कळ वाद घातला आहे, त्यात आपण शिरू नये. पण दुःख पाहून माणसाचे अंतःकरण जसे एकवटते तसे दुसऱ्या कशानेच एकवटत नाही, हे त्याने ओळखले होते.

आणि ज्या चित्रपटाने मराठी घरांना सर्वांत जास्त रडवले असेल, त्यातली आईही आमच्याच ग्वाल्हेरची. वनमाला या नावाने जग त्यांना ओळखते. मूळ नाव सुशीलादेवी पवार. जन्म १९१५ साली उज्जैनचा, वडील शिंदे सरकारच्या दरबारातले मोठे अधिकारी. अशा घरातल्या मुलीने त्या काळी तोंडाला रंग लावणे ही लहान गोष्ट नव्हती. १९४१ साली सोहराब मोदी यांच्या 'सिकंदर' चित्रपटात त्या रुखसाना झाल्या आणि देशभर गाजल्या. पण मराठी माणूस त्यांना आठवतो तो १९५३ सालच्या 'श्यामची आई'मुळे. जिने सिकंदराच्या प्रेयसीची वस्त्रे घातली होती तिनेच कोकणातल्या गरीब ब्राह्मण घरातले जुने लुगडे नेसले, आणि लोकांना ते खरे वाटले. पुढे त्यांनी चित्रसृष्टी सोडली, वृंदावनात कलेची व धर्माची सेवा केली, आणि २००७ साली ग्वाल्हेर येथेच त्यांचे निधन झाले.

या चित्रपटाचे मूळ पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्यांची आई १९१७ साली गेली होती. म्हणजे सोळा वर्षे ते दुःख आत मुरत पडले होते, आणि तुरुंगाच्या भिंतींआड ते बाहेर आले. चित्रपट काढला तो आचार्य अत्र्यांनी. 'साष्टांग नमस्कार', 'लग्नाची बेडी' अशा नाटकांनी ज्याने महाराष्ट्राला पोट धरून हसवले त्याच माणसाने हे करावे, यात मला नवल वाटत नाही. हसवणे ज्याला नीट येते त्याला कुठे थांबायचे ते कळते. आणि रडवण्याच्या कामी तेच फार थोड्यांना कळते. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, सर्वोत्कृष्ट कथाचित्र म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले.

आता शिक्षकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. श्यामची आई मरते म्हणून आपण रडतो, हे खरे नाही. निदान पुरते खरे नाही. चित्रपटांत आया पुष्कळ मरतात आणि आपण घरी येऊन जेवतो. ही आई लाड करणारी नाही. श्याम पोहायला भितो, लपून बसतो, तर ती हातात शिमटी घेऊन त्याला विहिरीकडे पिटाळते. पायाला घाण लागू नये म्हणून मुलगा जपतो, तर मनालाही तसेच जप म्हणून सांगते. पण त्याचे ओले पाय टेकावेत म्हणून आपल्या लुगड्याचा पदरही तीच दगडावर पसरते. कर्ज वाढते, सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो, घराण्याची अब्रू जाते, आणि ती बाई खंगत जाते. पुस्तकात तिच्या शेवटच्या क्षणी श्याम जवळ नाही. तो शिकायला दूर गेलेला. आपल्याला रडू येते ते इथे. आपण सगळेच कधी ना कधी उशिरा पोहोचलेलो असतो.

त्याच वर्षी पुरस्कारांच्या यादीत बिमल रॉय यांचा 'दो बिघा ज़मीन' हाही होता. शंभू नावाचा शेतकरी कर्ज फेडण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढतो, आणि परत येतो तो त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहत असतो. तो मूठभर माती उचलतो. पहारेकरी तीही टाकायला लावतो. नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा धडा (१ राजे २१) शिकवताना हा एक प्रसंग सांगून पाहा. नाबोथ कोण, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

तर मग ऑगस्टीन चुकला काय? याचे उत्तर आजच्या शास्त्रपाठात आहे. नाथान संदेष्टा दाविदापुढे गेला तेव्हा त्याने आरोपपत्र वाचले नाही, गोष्ट सांगितली. गरीब माणूस, त्याची एकुलती एक मेंढी, ती त्याच्या ताटातले खाणारी, कुशीत निजणारी. आणि शेजारचा श्रीमंत ती हिसकावून घेतो. दाविदाचे मन हेलावले, तो संतापला. लक्षात घ्या, हाच दावीद काही महिन्यांपूर्वी एका निष्ठावंत शिपायाच्या मरणाने हलला नव्हता. ते मरण तर त्यानेच घडवले होते. गोष्टीतल्या मेंढीसाठी डोळे पाणावणारा, पण खऱ्या माणसासाठी कोरडा : ऑगस्टीन म्हणतो तो प्रेक्षक हाच. पण नाथानाला नेमका याच प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याचा दुसरा रस्ता नव्हता. गोष्टीने दार उघडले, म्हणून पुढचे वाक्य आत गेले. कित्येक चित्रपट दार उघडतात आणि आत कोणालाच पाठवत नाहीत. वाद्यांचा कल्लोळ, कपाळ आपटणे, मरणाच्या अंथरुणावर लांबलचक भाषण. अशा वेळी कोणी आपल्या खिशात हात घालतो आहे असे मला वाटते.

उलट सत्यजित राय यांचा १९५५ चा 'पथेर पांचाली' आठवा. बाप बऱ्याच दिवसांनी गावी परततो, मुलीसाठी आणलेली साडी बायकोच्या हाती देतो. मुलगी गेली आहे, हे त्याला ठाऊक नाही. आईचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी फक्त तारशहनाईचा स्वर आहे. किंवा संदीप सावंत यांचा २००४ चा 'श्वास' : मुलाच्या डोळ्यांना कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतो, जग डोळे भरून पाहून घे म्हणून. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याला. त्यात खलपुरुष कोणीच नाही. रागवायला कोणी नसते तेव्हाचे दुःख सोसणे फार कठीण, आणि आपल्या मंडळीतल्या कित्येक घरांत ते तसेच असते.

मागे एका शब्बाथशाळेच्या शिक्षिकेने मला विचारले, "भाऊ, सुट्टीच्या वर्गात मुलांना 'श्यामची आई' दाखवायचा विचार आहे. पण एका मुलीची आई वर्षापूर्वीच गेली. तिला त्या दिवशी येऊ नको म्हणावं का?" काही पालकांचेही तेच मत होते. मी म्हणालो, तिला न विचारता वगळू नका. आई गेलेल्या मुलाला सगळे जग हळू आवाजात बोलून आधीच वेगळे काढत असते. मुलीच्या वडिलांना भेटा, शेवटी काय होते ते बापलेकींना अगोदर स्पष्ट सांगा. यायचे की नाही ते तिने ठरवावे. आली तर दाराजवळ तुमच्या शेजारी बसवा, उठून जाईल तर सोबत जा. आणि संपल्यावर चर्चेत तिला बोलते करू नका.

ती आली. शेवटपर्यंत बसली. नंतर एवढेच विचारले, "बाई, हे पुस्तक त्या मुलानेच मोठेपणी लिहिलं ना?" शिक्षिका हो म्हणाल्या, सोळा वर्षांनी. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "माझी आई पण मला रागवायची." वर्षभरात ती आपल्या आईविषयी वर्गात पहिल्यांदाच बोलत होती, असे शिक्षिका सांगत होत्या.

लाजराच्या कबरेजवळ प्रभू येशू रडला. पुढच्या घटकेला त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. आपल्याकडे दफनविधीच्या वेळी शोक करणाऱ्या बाईला "रडू नका, विश्वास धरा" असे लगेच सांगण्याची जी घाई होते, तिला या अध्यायात कुठेही आधार नाही.

तरुण संघांसाठी एक वेगळी सूचना. मुलांनी नागराज मंजुळे यांचा २०१६ चा 'सैराट' पाहिलेला असतो. आपण विचारतो की नाही एवढाच प्रश्न. त्याच्या गाण्यांवर प्रेक्षागृहांत लोक नाचले, आणि शेवटी रक्तात भिजलेली लहानग्याची पावले पाहून तेच लोक मुकाट बाहेर पडले. लहान मुलांना तो मुळीच दाखवू नये. पण लग्नाच्या वयाच्या मुलामुलींबरोबर, आणि त्यांच्या आईबापांबरोबर, त्यावर बोलावे. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या झाल्या तरी स्थळ पाहताना मूळची जात हळूच विचारणारी घरे आपल्यात आहेत. त्या चित्रपटावर रडलेल्यांतही ती असतील.

वर्गात चर्चेसाठी पुढील प्रश्न घ्यावेत. श्यामच्या आईने केलेली कोणती शिक्षा आज आपल्याला चुकीची वाटते, आणि का? योहान ११:३६ व ३७ मध्ये रडणाऱ्या येशूकडे पाहून लोक दोन निरनिराळ्या गोष्टी बोलतात; त्यांतली आपण कोणती बोललो असतो? नाथानाची गोष्ट ऐकून दावीद संतापला. पण उरीया मेल्याची खबर घेऊन जासूद आला तेव्हा तो काय बोलला होता, हे २ शमुवेल ११:२५ मधून मुलांनी शोधून मोठ्याने वाचावे.