विखुरलेल्या खडकांचें वय कसें जुळवितात?

गाळाचे थर एकावर एक बसतात. त्यांत खालचा थर आधींचा व वरचा नंतरचा, हें कोणाही विद्यार्थ्यास सहज समजेल. परंतु दोन उघडे खडक एकमेकांपासून शेंकडों मैल दूर असले व मधली भूमि शेतांनीं किंवा समुद्रानें झांकलेली असली, तर त्यांचें वय कसें ताडून पहावें? (सह्याद्रीच्या कड्यांवरील थर येथें उपयोगीं पडत नाहींत, ते गाळाचे नसून लाव्हारसाचे आहेत.) म्हणून आम्ही वाचकांस इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत नेतों.

दगडाचा रंग व जात हे फसवे साक्षीदार होत. एकाच काळीं नदीच्या मुखाशीं वाळू सांचते, तर दूर समुद्रांत चिखल. भरंवशाचे साक्षीदार म्हणजे थरांतील जीवाश्म. विल्यम स्मिथ यानें हें तत्त्व ओळखलें व १८१५ सालीं इंग्लंडच्या भूस्तरांचा नकाशा प्रसिद्ध केला.

पुढें १८३४ सालीं मोठा वाद माजला. डी ला बेश यास डेव्हनमधील, त्याच्या मतें अतिप्राचीन, अशा खडकांत दगडी कोळशाच्या काळांतील वनस्पतींचे ठसे मिळाले. मर्चिसननें हें अशक्य म्हटलें. १८३६ सालीं तो सेजविकसह तेथें गेला, तेव्हां ते थर सर्वांत वरचे ठरले! मात्र मर्चिसननें त्यांच्याखालीं जो मोठा खंड कल्पिला होता, तो कांहीं सांपडला नाहीं. दोघेही थोडे थोडे चुकलेच होते.

मग खालच्या चुनखडीचें वय काय? लंडनच्या भूगर्भसंस्थेंतील संग्रहाची व्यवस्था पाहणारा विल्यम लॉन्सडेल हा वॉटर्लूच्या लढाईंत लढलेला सैनिक. त्यानें त्या चुनखडींतील पोवळीं तपासलीं. कांहीं सिल्यूरियन काळच्यासारखीं, कांहीं कोळशाच्या काळच्यासारखीं, आणि पुष्कळशीं दोहोंहून निराळीं! न जुळणारीं पोवळीं बाजूस न सारतां, हे थर त्या दोन काळांच्या मधले, म्हणजे ‘जुन्या तांबड्या वालुकाश्मा’चे समकालीन होत, असें त्यानें १८३७ सालीं सुचविलें. आम्हांस हें धैर्य मोठें वाटतें. १८३९ सालीं सेजविक व मर्चिसन यांनीं त्या काळास ‘डेव्होनियन’ नांव दिलें.

तरी एक शंका उरलीच. स्कॉटलंडच्या तांबड्या वालुकाश्मांत कवचधारी मासे, पण पोवळीं नाहींत. डेव्हनच्या चुनखडींत पोवळीं व शिंपले, पण ते मासे दिसेनात. एकमेकांस न ओळखणारे हे दोन साक्षीदार समोरासमोर कसे आणावेत? १८४० सालीं मर्चिसन रशियांत गेला. तेथील थर जवळजवळ सपाट व न मोडलेले. त्यांत स्कॉटलंडच्या जातीचे मासे व डेव्हनच्या जातीचे शिंपले एकत्र मिळाले, आणि शंका फिटली.

आज या काळाचा आरंभ झेक देशांतील क्लोंक येथील एका थरावरून धरतात. तें ठिकाण १८७२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९७२ सालीं, ठरलें. तेथें मोनोग्राप्टस युनिफॉर्मिस हा जीव प्रथम दिसतो. त्याचा ठसा करवतीच्या पात्यासारखा असतो. हा जीव समुद्रांत तरंगत दूरदूर पसरे; म्हणून सुमारें ४१ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वींचा तोच थर निरनिराळ्या देशांतहि ओळखतां येतो.