मेदवृद्धी आणि व्यापाऱ्याचा व्यायाम

व्यापाऱ्याचे जीवन बैठकीचे. सकाळी पेढी उघडल्यापासून रात्री रोजमेळ मिळेपर्यंत गादीवरून उठण्याचे प्रसंग थोडेच. चहा-गाठिया मात्र वारंवार पुढे येतो. चाळिशीत पोट सुटले, तर त्याला समृद्धीचे लक्षण मानण्याची आपल्याकडे चाल आहे. ती घातक होय.

'आपण तर सडपातळ आहो,' असे म्हणणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या ठायी २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही जवळ ठेवावी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास सावध व्हावे.

आता शरीराचा जमाखर्च पाहू. एक किलो मेदात सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. सत्तर किलो वजनाचा मनुष्य अर्धा तास झपाट्याने चालला, तर सुमारे १५० कॅलरी खर्च होतात. आणि पन्नास ग्रॅम गाठियातून सुमारे २५० जमा होतात. तेव्हा केवळ व्यायामाने खाते फिटत नाही. चालण्याने १५० व ताटातून १५० अशी रोज ३०० कॅलरींची तूट ठेवली, तर हिशेबाने एक किलो मेद उतरण्यास सुमारे सव्वीस दिवस लागतात. पुढे हलक्या झालेल्या देहाचा खर्चही घटतो व ही गती मंदावते. पोटाच्या व्यायामाने केवळ पोटाचाच मेद झडतो, हाही भ्रम आहे. उपवासाच्या आरंभी उतरणारे वजन बहुतांशी पाण्याचे असते, ते पारण्यानंतर परत येते. तपश्चर्या आत्मशुद्धीसाठी आहे. तिच्याकडून कंबरेची अपेक्षा करू नये.

मग व्यायाम कशासाठी? मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांचा एक अभ्यास चेन्नई येथे झाला व २००६ साली प्रसिद्ध झाला. रोज किमान अर्धा तास चालणे व आहारनियमन यांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. आणि वजनात तर विशेष फरक पडलाच नव्हता! काटा हलला नाही म्हणून निराश होऊन व्यायाम सोडणारा मनुष्य खरा नफा हातचा घालवतो.

व्यायामाची परंपरा बडोद्याला परकी नाही. प्रो. माणिकरावांनी दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपास आणले; मुजुमदारांचा मराठी व्यायामज्ञानकोश १९३६ पासून दहा खंडांत येथूनच निघाला. आपण निदान प्रतापनगरहून मांडवीच्या बाजारापर्यंत पायी जावे. प्रथम पंधरा मिनिटे, मग तीस; आठवड्यातून दोनदा बैठका किंवा सूर्यनमस्कार. हृदयविकार, मधुमेह वा गुडघेदुखी असल्यास आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. घरातील स्त्रियांनाही हा वेळ मिळेल, याची व्यवस्था करावी.

एका दिवसाच्या विक्रीवरून कोणी पेढी बंद करीत नाही. शरीराच्या पेढीलाही तेवढेच धैर्य द्यावे.