घरचे दप्तर : जतन आणि जबाबदारी

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या घरांतून एक लोखंडी ट्रंक असते. कधी ती माळ्यावर असते, कधी पलंगाखाली. तिच्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचे खरेदीखत, मोडी लिपीतील दोन-चार कागद, कोणाची तरी जन्मपत्रिका, लग्नातील छायाचित्रे आणि दूरगावाहून आलेली पत्रे असा संमिश्र ऐवज असतो. ही ट्रंक वर्षानुवर्षे उघडली जात नाही. घर बदलताना, वाटणी होताना किंवा एखाद्या कार्यालयाने जुना पुरावा मागितला म्हणजेच तिची आठवण होते. त्या वेळी अनेकदा असे दिसून येते की, हवा असलेला नेमका कागद कसरीने खाल्लेला आहे, किंवा घडीवर फाटून त्याचे चार तुकडे झाले आहेत.

कागद काळाच्या ओघात नाहीसा होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. घरातील कागदांची आणि छायाचित्रांची हानी काळापेक्षा दमटपणा, दुर्लक्ष आणि सद्हेतूने पण घाईने केलेले उपाय यांमुळेच अधिक होते. ही हानी टाळण्यास फारसा खर्च येत नाही. थोडी माहिती आणि वर्षातून एक दिवस पुरेसा होतो.

घरच्या कागदांचे मोल

मराठ्यांच्या इतिहासाची बरीचशी साधने खाजगी घरांतून मिळालेली आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाई येथे सापडलेल्या कागदपत्रांच्या आधारे. पुढे गावोगाव पायपीट करून त्यांनी वाड्यांतील व माळ्यांवरील दप्तरे धुंडाळली आणि या मालेचे एकूण २२ खंड सिद्ध केले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ हाही मुख्यतः पटवर्धन घराण्याच्या दप्तरांवर उभा आहे. ज्यांनी हे कागद सांभाळले, त्यांना त्यांचे ऐतिहासिक महत्त्व ठाऊक होतेच असे नाही. त्यांनी ते टाकून दिले नाहीत, एवढेच त्यांचे श्रेय. आणि ते लहान नाही.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने या कागदांचे मोल अधिक निकडीचे असते. जातीच्या प्रमाणपत्रासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी महाराष्ट्रात विवक्षित दिनांकापूर्वीचे कौटुंबिक पुरावे विचारात घेतले जातात. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. म्हणजेच पणजोबांच्या शाळेतील एका नोंदीच्या उताऱ्यावर आज पणतीचा महाविद्यालयीन प्रवेश अवलंबून असू शकतो. तसेच तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून सादर झाला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येते. कागद कोठे आणि कोणाकडे होता, हे सांगता येणे यासाठीच महत्त्वाचे आहे.

कागद, शाई आणि त्यांचे शत्रू

दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद हातात घेतल्यास तो पुष्कळदा भक्कम लागतो. उलट सत्तर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्राचे कात्रण बोट लागताच तुटते. जुना हातकागद चिंध्या, ताग यांसारख्या लांब धाग्यांच्या मालापासून बनत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर लाकडाच्या लगद्यापासून तयार होणारा स्वस्त कागद सर्वत्र आला. या कागदात आम्ल असते. ते कागदाला आतून पोखरते आणि शेजारच्या कागदावरही डाग पाडते. म्हणून कात्रणे कधीही दस्तऐवजांच्या किंवा छायाचित्रांच्या सान्निध्यात ठेवू नयेत.

शाईचीही अशीच गोष्ट आहे. काजळ आणि डिंक यांपासून केलेली जुनी शाई उन्हाने फिकी पडत नाही. परंतु पाणी लागताच ती पसरण्याचा धोका असतो. हिराकस व मायफळ यांची शाई पाण्याला त्या मानाने टिकते. पण कालांतराने ती स्वतःच कागद जाळते आणि अक्षरांच्या जागी छिद्रे पडतात. तात्पर्य, जुना कागद ओल्या बोळ्याने पुसण्याचा मोह सर्वथा टाळावा.

दमटपणा हा सर्वांत मोठा शत्रू होय. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली, की बुरशीला अनुकूल परिस्थिती निर्माण होते. कोकणात व मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दमटपणाच्या पाठोपाठ कसर, झुरळे आणि वाळवी येतात. कागदावरील खळ व छायाचित्रांवरील जिलेटिनचा थर हे कसरीचे आवडते खाद्य आहे.

हितापेक्षा अहित करणारे उपाय

जीर्ण कागद दिसला की तो लॅमिनेट करून घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. यंत्राची उष्णता आणि प्लास्टिकचा चिकट थर यांमुळे कागद कायमचा बंदिस्त होतो. पुढे तो सुरक्षितपणे सोडवता येत नाही, तज्ज्ञाला कागदाची परीक्षा करता येत नाही आणि त्यावर शिक्काही उमटवता येत नाही. मूळ दस्तऐवजाचे लॅमिनेशन कदापि करू नये. हवे तर छायाप्रतीचे करावे.

फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावणे हा दुसरा प्रमाद. काही वर्षांत पट्टी गळून पडते, परंतु तिचा चिक्कट पदार्थ कागदात मुरून तपकिरी डाग मागे ठेवतो. फाटलेला कागद न जोडता तसाच स्वच्छ कागदाच्या पाकिटात सपाट ठेवणे अधिक हिताचे असते. टाचण्या व स्टेपलच्या तारा गंजतात आणि रबरी पट्ट्या वितळून चिकटतात. त्या हलक्या हाताने काढून सुती नाडी वापरावी. डांबराच्या गोळ्या कागदावर किंवा छायाचित्रांवर थेट ठेवू नयेत. कडक उन्हात कागद वाळत घालणे हेही तितकेच अपायकारक आहे.

छायाचित्रांची निगा

कृष्णधवल छायाचित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेले असते. नीट धुतलेले असल्यास ते शंभर वर्षेही टिकते. रंगीत छायाचित्रातील रंगद्रव्ये मात्र अंधारातसुद्धा हळूहळू विरतात. म्हणूनच १९७० व १९८० या दशकांतील लग्नांची रंगीत छायाचित्रे आज लालसर झालेली दिसतात, आणि त्यांच्या आधीची कृष्णधवल छायाचित्रे सुस्पष्ट राहतात. नक्कल करून घेताना रंगीत छायाचित्रांचा क्रम त्यामुळे पहिला लावावा.

चिकट पानांचे व वर पारदर्शक प्लास्टिक असलेले अल्बम छायाचित्रांना घातक ठरले आहेत. त्यांतील एखादे छायाचित्र घट्ट चिकटले असल्यास ते ओढून काढू नये. प्रथम त्या पानाचेच छायाचित्र घ्यावे. भिंतीवरील तसबिरीत काच व छायाचित्र यांमध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, अन्यथा दमट हवेत ती दोन्ही एकमेकांना चिकटतात. देवघराजवळील तसबिरींना समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर लागतो. पूर्वजांच्या तसबिरीस हार घालण्याची प्रथा अवश्य पाळावी. परंतु भिंतीवर नक्कल असावी आणि मूळ छायाचित्र पेटीत असावे. जुन्या निगेटिव्हांना व्हिनेगारसारखा आंबट वास येऊ लागला असल्यास त्या इतर वस्तूंपासून त्वरित वेगळ्या काढाव्यात.

कुटुंबाने काय करावे

पेशव्यांच्या दप्तरातील कागद कापडात गुंडाळून ठेवीत. अशा गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. ही जुनी पद्धत आजही अनुकरणीय आहे. खळ निघून जाईपर्यंत धुतलेला मांजरपाट घेऊन त्यात कागद सैलसर बांधावेत. कापड धूळ अडवते आणि हवा खेळती ठेवते; प्लास्टिकची पिशवी आतला दमटपणा कोंडून ठेवते. घड्या शक्य तेथे उलगडून कागद सपाट ठेवावेत. हा रुमाल कपाटाच्या मधल्या खणात असावा. माळ्यावर उष्णता असते, जमिनीलगत ओल असते, आणि स्नानगृहाच्या किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही ओल उतरते.

पावसाळ्यापूर्वी धान्य, पापड, लोणची यांची बेगमी प्रत्येक घरात होते. त्याच सुमारास, वैशाखातील एका कोरड्या दिवशी, दप्तर उघडावे. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, कसर किंवा बुरशी दिसल्यास तेवढे कागद वेगळे काढावेत आणि बाकीचे पंख्याखाली, सावलीत, काही तास मोकळे ठेवून पुन्हा बांधावेत.

नक्कल करताना दस्तऐवज ३०० आणि लहान छायाचित्रे ६०० डीपीआय इतक्या घनतेने स्कॅन करावीत. कागद आपोआप ओढून घेणारे यंत्र जीर्ण कागदांसाठी वापरू नये. भ्रमणध्वनीने प्रतिमा घ्यावयाची झाल्यास दिवसाच्या अप्रत्यक्ष उजेडात, फ्लॅशविना घ्यावी. नकलांचा एक संच दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे असावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला पूर, २६ जुलै २००५ ची मुंबईतील अतिवृष्टी आणि जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर यांनी हा धडा पुनःपुन्हा दिला आहे. कागद भिजलेच, तर बुरशी येण्यापूर्वीच्या पहिल्या ४८ तासांत ते टीपकागदावर पसरून पंख्याखाली वाळवावेत. भिजलेली छायाचित्रे एकमेकांवर वाळू देऊ नयेत. चित्राची बाजू वर करून ती सुटी ठेवावीत. डिजिटल नक्कल हाताशी आहे म्हणून मूळ कागद टाकून देणे मात्र सर्वस्वी चुकीचे होय.

मोडी कागद वाचता येत नाही, या कारणास्तव रद्दीत जाऊ देऊ नये. मोडी जाणणारे अभ्यासक आजही आहेत आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतलेले आहेत. ज्या घराला दप्तर सांभाळणे शक्य नाही, त्याने पुराभिलेखागाराकडे किंवा १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे चौकशी करावी.

प्रथम नावे लिहावीत

या सर्वांहून निकडीचे एक काम आहे आणि त्यास एक पैसाही लागत नाही. जुन्या समूहचित्रातील माणसांची नावे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा घरात एखादीच उरलेली असते. आजी, किंवा लग्न होऊन दूर गेलेली आत्या. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे तिलाच माहीत असते. तिच्या पश्चात छायाचित्र शंभर वर्षे टिकले, तरी त्यातील माणसे अनोळखी झालेली असतात. पुढे त्या चित्राची नक्कल करता येते, डागही काढता येतात. नाव मात्र कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

म्हणून ट्रंक उघडताना पहिल्या दिवशी पेटी किंवा पाकिटे विकत आणण्याची घाई करू नये. घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ छायाचित्रे घेऊन बसावे आणि नाव, नाते, गाव व अंदाजे साल विचारून घ्यावे. छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये. त्याचा दाब पुढील बाजूस उमटतो. चित्राला क्रमांक देऊन सर्व माहिती वेगळ्या वहीत लिहावी, आणि ती वही त्याच रुमालात बांधावी. नातवाने विचारावे, आजीने सांगावे आणि घरातील कोणीतरी लिहून घ्यावे, इतक्या साध्या रीतीने घरच्या दप्तराच्या जतनास आरंभ होऊ शकतो.