दगडाचा प्राणी आणि तळाचे नाव



पृथ्वीच्या नकाशात अगदी वर कॅनडा देशाचा उत्तर भाग पाहा. तिथं इनुइट लोक राहतात. जुन्या पुस्तकांत त्यांना एस्किमो म्हटले आहे, पण त्यांना ते आवडत नाही. इनुइट म्हणजे माणसे.

तिथं बर्फ फार, झाडे जवळजवळ नाहीतच. मग लाकूड कुठून आणायचं? म्हणून दगड, हाडे आणि वॉलरसचे सुळे कामाला येतात. शंखजिऱ्याचा दगड मऊ असतो. आपण अंगाला लावतो त्या पावडरीतही शंखजिरे असते. हा दगड तापला तरी सहसा तडकत नाही. म्हणून इनुइट लोक त्याचा दिवा कोरत. दिव्यात सीलची चरबी जाळत. एकाच दिव्यावर उजेड, ऊब आणि स्वयंपाक, तिन्ही कामे व्हायची.

पूर्वी ते सुळ्यांचे छोटे छोटे प्राणीही करत. १९४८ साली जेम्स ह्यूस्टन नावाचे चित्रकार इनुकजुआक गावी गेले. त्यांनी ते प्राणी पाहिले. १९४९ मध्ये माँट्रियल शहरात अशा वस्तूंची विक्री झाली. तीन दिवसांत सगळ्या वस्तू खपल्या! त्या काळी कोल्ह्याच्या कातड्याचा भाव पडला होता. घरात खायची पंचाईत होती. मग लोक दगडाचे मोठे प्राणी कोरू लागले आणि त्यावर घर चालू लागले.

घुबड, हंस, सील, पांढरे अस्वल हे सगळे ते कोरतात. चित्र पाहून नाही बरं का! शिकारीला गेल्यावर प्राणी कसा उभा राहतो, मान कशी वळवतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. ओसुइतोक इपीली (१९२३–२००५) हे कॅरिबू हरीण कोरत. त्याचे पाय अगदी बारीक असत. आम्ही पोळ्याला मातीचे बैल करतो तेव्हा पाय जाड ठेवतो, तरी मोडतात. पण माती परत मळता येते. दगडाचा पाय तुटला की गेला.

आता एक वाईट वाटणारी गोष्ट. १९४० नंतर सरकारने प्रत्येक इनुइट माणसाला नंबरचा गोल बिल्ला दिला. कारण काय, तर साहेबांना त्यांची नावे लिहिता येईनात. म्हणून काही जुन्या मूर्तींच्या तळाशी नावाऐवजी नुसता नंबर कोरलेला आहे. १९७० च्या सुमारास आडनावे नोंदवली आणि पुढे बिल्ले बंद झाले. आता कारागीर तळाशी आपले नाव कोरतात. पुष्कळ जण ते आपल्या लिपीत कोरतात.

हजेरीत माझाही नंबर आहे. पण गुरुजी मला नावाने हाक मारतात. नंबरने मारली असती तर मला राग आला असता.

तर मित्रांनो, कुठे दगडाचा पक्षी दिसला तर तो हळूच उलटा करून बघा. खाली कुणाचे तरी नाव असेल.

— इयत्ता चौथी