निरांजन का लावलं नाही?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १३

तेराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला ज्ञानाची लक्षणं सांगतात. नम्रता, अहिंसा, क्षमा, गुरुसेवा... आणि याच यादीत जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतल्या दुःखाचं 'अनुदर्शन' येतं. जरा म्हणजे म्हातारपण. अनुदर्शन म्हणजे एकदा बघून सोडून देणं नव्हे, तर पुन्हा पुन्हा नीट बघणं.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. परंपरेने माउलींचा जन्म शके ११९७ चा मानतात, म्हणजे तेव्हा वय जेमतेम पंधरा! तरी या ठिकाणी ते म्हातारपणाचं वर्णन एकेक अवयव घेऊन करतात. सांगणं एवढंच, की म्हातारपण यायच्या आधीच ते पाहून ठेवावं. हे मूळ स्वतःच्या देहाबद्दल आहे, वैराग्यासाठी आहे. पण मला ते यावेळी आईकडे बघताना कळलं.

आई साताऱ्याला एकटी असते. मी पुण्यात. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल. "जेवलीस का?" "हो." "गोळी घेतलीस?" "हो रे बाबा." तीन मिनिटांत कॉल संपला. आपल्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू आहे एवढंच मी रोज बघत होतो, लॉग कधी उघडलेच नाहीत.

गेल्या महिन्यात चार दिवस घरी गेलो. सकाळी देवांची पूजा झालेली, फुलं वाहिलेली, पण निरांजन कोरडं.

"आई, दिवा नाही लावलास?"

"कंटाळा आला."

जिला आयुष्यात कधी दिव्याचा कंटाळा आला नाही, तिला? दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी शेजारी बसून राहिलो, तेव्हा तिने सांगितलं. काडी ओढताना हात थरथरतो. एकदा पेटती काडी पदराजवळ पडली, तेव्हापासून भीती बसली. "तुला कशाला सांगू, तू उगाच काळजी करत बसशील."

मग बाकीचंही दिसायला लागलं. दुधाचं पातेलं तळाशी करपलेलं. बीपीच्या गोळ्या तारखेच्या हिशोबाने चार उरायला हव्यात, तर पाकिटात दहा. कॅलेंडरमागे न भरलेली दोन लाइट बिलं. ब्लाउज खांद्यावर सैल. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं. मी बघितलं नव्हतं.

मंडळी, एक गोष्ट लक्षात ठेवा. अंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामं माणूस बराच काळ निभावतो. त्याआधी सुटतात ती जरा गुंतागुंतीची कामं: पैशांचा हिशोब, औषधांच्या वेळा, स्वयंपाक, एकट्याने प्रवास. म्हणून "अंघोळ करते, जेवते, म्हणजे ठीक आहे" हा हिशोब चुकतो. आधी काय जमायचं आणि आता काय सुटलंय, ही तुलना करायची.

दुसरं, "वय झालं" म्हणून विषय मिटवू नका. विसरणं किंवा गप्प गप्प राहणं यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं, नैराश्य असं काहीही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. आणि एक-दोन दिवसांत अचानक बडबड, गोंधळ सुरू झाला तर वाट बघू नका. वयस्कर माणसात लघवीच्या संसर्गाने किंवा सोडियम कमी झाल्यानेही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आईचं बी-१२ कमी निघालं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. थरथरीच्या तपासण्या अजून चालू आहेत.

आता माझी चूक सांगतो. सगळं दिसल्यावर मी लगेच म्हणालो, "बस झालं, आता पुण्याला चल." ती दोन तास माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. तिचं घर, तिचे देव, आणि निर्णय मी घेऊन मोकळा! संध्याकाळी पुन्हा बसलो आणि फक्त विचारलं, "आई, तुला कशात मदत हवी?" थोडा वेळ थांबून म्हणाली, "सांजवातीला कुणी आलं तरी पुष्कळ झालं."

आता शेजारच्या काकूंची नात रोज संध्याकाळी येते. दिवा ती लावते, आई तिच्याकडून शुभंकरोती म्हणून घेते. गोळ्यांचा आठवड्याचा डबाही तीच बघते आणि मला मेसेज टाकते. पुढे आणखी मदत लागेल, हे आईलाही माहीत आहे. पण आता आम्ही ते बोलू शकतो.

आजची साधना: आज फोनवर "बरी आहेस ना?" एवढ्यावर थांबू नका. "आज काय केलंस, कुणाशी बोललीस?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा गोळ्यांचं पाकीट, स्वयंपाकघर आणि देवघर शांतपणे बघा. झडती घेऊ नका, शेजारी बसून बघा. जवळपास कुणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, नंबर सेव्ह करून ठेवा.

पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवलं, ते आईवडिलांची सेवा चालू होती म्हणून. आपल्याला तर फक्त एक मीटिंग थांबवायची आहे.

राम कृष्ण हरी 🙏