बॅटरीवरचा रॅचेट घेताना

गाळप हंगामात ट्रॅक्टर रस्त्यात अडकला की तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून ज्यांच्या घरची मुले गॅरेज चालवतात, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

जोर : 12 व्होल्टचे बरेचसे रॅचेट साधारण 45 ते 80 न्यूटन-मीटर जोर देतात. ट्रकच्या चाकाच्या नटाला 500 च्या आसपास लागतो. तेव्हा चाकासाठी हे हत्यार नव्हेच. जाम नट आधी लांब दांड्याच्या पान्याने सैल करावा, मग रॅचेटने भराभर काढावा. रॅचेटलाच हिसके दिले तर आतले दाते जातात.

माप : इंजिनाच्या लहान बोल्टांना तीन सुती पुरतो. डोके जितके बारीक, तितके अडचणीत शिरते. दुकानात हातात धरूनच पाहावे.

बॅटरी : एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा बसत नाही. घरात ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा रॅचेट घ्यावा. बॅटऱ्या दोन हव्यात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो. तापलेली बॅटरी सावलीत निवू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. दुरुस्ती नंदुरबारला होते की सुरतेला पाठवावी लागते, हेही आधीच विचारावे.

शेवटचा आवळ मात्र टॉर्क पान्यानेच, कंपनीच्या पुस्तकातला आकडा पाहून द्यावा. चाकाचा एक नट ढिला राहिला तर भरलेली ट्रॉली उलटू शकते, आणि तिच्याजवळ माणसे असतात.